नाव, अनामत आणि ओला कचरा : कोरियातील वास्तव्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये दक्षिण कोरियाविषयीची पत्रे बरीच वाढली आहेत आणि त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने विकत घेतला आहे. या कारखान्यांत कोरियन वरिष्ठांच्या हाताखाली काम केलेली काही माणसे आता खुद्द कोरियात बदलीवर जातात आणि संशोधनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची भर त्यात पडते. पत्रे वाचताना असे दिसले की बहुतेकांना भीती वाटते ती भाषेची, थंडीची आणि जेवणाची. तिथे काही वर्षे नोकरी केल्यानंतरचे माझे मत थोडे वेगळे आहे. कोरियातील दैनंदिन व्यवस्था ज्याची रीतसर नोंद झाली आहे त्याच्यासाठी थक्क करणाऱ्या वेगाने चालते आणि ज्याची नोंद झालेली नाही, किंवा चुकीची झाली आहे, त्याच्यासाठी ती जवळजवळ चालतच नाही. पहिल्या वर्षातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे असते. म्हणून पहिले उत्तर जरा लांबले आहे.

प्रश्न : माझ्या पतींना सुवॉन येथे नोकरी मिळाली असून मीही त्यांच्यासोबत जाणार आहे. माझ्या पासपोर्टवर माहेरचे नाव व आडनाव आहे, पतींच्या पासपोर्टवर त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सर्व आहे. जाण्यापूर्वी मी पासपोर्टवरील नाव बदलून घ्यावे काय? तिथे मला नोकरी करता येईल काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ कोरियाला जायचे म्हणून नाव बदलण्याची गरज नाही. लग्नानंतर आडनाव बदलण्याची रीत कोरियात नाहीच. तिथल्या स्त्रिया जन्मभर माहेरचेच आडनाव लावतात. त्यामुळे पती-पत्नीची आडनावे वेगळी असली तर तिथल्या कार्यालयात कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. त्यांना हवा असतो तो विवाहाचा पुरावा. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र राज्य शासनाकडून साक्षांकित करून घ्या, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, घ्या आणि प्रमाणपत्रावरील तुमच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळते की नाही हे आत्ताच तपासा. ‘दीक्षित’ आणि ‘पाटील’ ही आडनावे आपण इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितो आणि आपल्याकडे ते खपूनही जाते. तिथे खपत नाही.

तिथे पोहोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी ‘हायकोरिया’ या शासकीय संकेतस्थळावर वेळ आरक्षित करावी लागते आणि मोठ्या शहरांत ती वेळ लवकर मिळत नाही, म्हणून उतरल्याच्या आठवड्यातच हे काम हाती घ्यावे. नोंदणी झाली की तेरा अंकी क्रमांक असलेले रहिवासी कार्ड मिळते. पहिले सहा अंक म्हणजे जन्मतारीख. या क्रमांकाखाली तुमचा मोबाइल, बँकखाते, आरोग्य विमा, घरभाडे, ऑनलाइन खरेदी हे सगळे बांधले जाते. कोरियात ऑनलाइन काहीही करायचे झाले तरी ‘तुम्ही तुम्हीच आहात’ याची खात्री बहुधा मोबाइल कंपनीमार्फत केली जाते. म्हणजे मोबाइल कंपनीकडे असलेले नाव, कार्डावरचे नाव आणि बँकेतले नाव ही तिन्ही तंतोतंत एक असावी लागतात.

तीन भागांच्या मराठी नावाची खरी परीक्षा इथेच होते. कोरियन नाव साधारणपणे तीन अक्षरांत आटोपते आणि अनेक ठिकाणची नावाची चौकट तेवढ्याच नावाच्या हिशोबाने आखलेली असते. तुमच्या पतींचे आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव अशी वीस-बावीस इंग्रजी अक्षरे तिथे भरताना एखादा कर्मचारी मधली जागा गाळतो, दुसरा वडिलांचे नावच गाळतो, तिसरा सगळे जोडून लिहितो आणि महिन्याभराने एखादे बिल भरताना पडद्यावर ‘माहिती जुळत नाही’ एवढेच उमटते. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्याच दिवशी करायचा असतो. मोबाइलच्या दुकानात आणि बँकेत कार्ड पुढे ठेवावे, कर्मचाऱ्याने टंकलेले नाव त्याच्या पडद्यावर आपण स्वतः पाहावे आणि कार्डावर जशी मोठी अक्षरे, जसा क्रम आणि जशा मोकळ्या जागा आहेत तशाच राहतील असा आग्रह धरावा. यात उद्धटपणा काही नाही, उलट कर्मचाऱ्यालाही ते बरेच वाटते. जानेवारी २०२५पासून हे कार्ड मोबाइलमध्येही घेता येते, मात्र त्यासाठी मोबाइल स्वतःच्याच नावावर असावा लागतो. म्हणून पतींच्या नावावर दोन मोबाइल जोडण्या घेण्याची आपल्याकडची सवय तिथे नेऊ नका. तुमची जोडणी तुमच्याच नावावर घ्या, नाहीतर प्रत्येक लहानसहान कामासाठी तुम्हाला त्यांच्या कार्यालयातून सुटण्याची वाट पाहावी लागेल.

नोकरीविषयी : तुम्हाला बहुधा एफ-३ हा अवलंबिताचा व्हिसा मिळेल आणि त्यावर परवानगीवाचून काम करता येत नाही, अर्धवेळ शिकवणीसुद्धा नाही. नोकरी मिळाल्यास व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची वाट आहे. त्यासाठी पदवीची कागदपत्रेही अपोस्टिल करूनच न्या, कारण ती तिथून करून घेणे फार जिकिरीचे होते. शंका आल्यास इमिग्रेशनचा १३४५ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा सोलमध्ये नोकरीला लागला आहे. एका खोलीच्या घरासाठी मालक एक कोटी वॉन डिपॉझिट मागत आहे आणि शिवाय महिन्याचे भाडे वेगळे. हा आकडा ऐकून आम्ही घाबरलो आहोत. ही फसवणूक तर नाही? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : गुरुजी, आधी आकड्याची भीती काढून टाकू. एक कोटी वॉन म्हणजे सध्याच्या दराने साधारण सहा लाख रुपये आणि सोलमधील एका खोलीसाठी, ज्याला तिथे ‘वन-रूम’ म्हणतात, एवढी अनामत अगदी सर्वसाधारण आहे. अनामत आणि दरमहा भाडे असा जो करार असतो त्याला ‘वॉल्से’ म्हणतात. दुसरा प्रकार ‘जॉन्से’चा. त्यात घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, भाडे काहीच द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर सगळी रक्कम परत घ्यायची. मुंबईत ज्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात त्याच जातीचा हा व्यवहार आहे, फक्त कोरियात तो कित्येक दशके मध्यमवर्गाच्या घरसंसाराचा पायाच होऊन बसला आहे. मालक ती रक्कम दुसऱ्या घरात गुंतवतो आणि घरांच्या किमती घसरल्या की परत द्यायला त्याच्याकडे पैसे नसतात. २०२२-२३मध्ये इंचॉन शहरातील मिचुहोल भागात व इतरत्र अशी हजारो कुटुंबे अडचणीत आली, त्यांतली काही प्रकरणे उघडउघड फसवणुकीची होती आणि संसदेला मे २०२३मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. माझे स्पष्ट मत आहे की नव्याने गेलेल्या भारतीयाने, कितीही कर्ज मिळत असले तरी, पहिली दोन वर्षे जॉन्सेच्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या मुलाचा करार वॉल्सेचा आहे, तेव्हा धोका मर्यादित आहे; तो आणखी कमी करता येतो. करार परवानाधारक दलालामार्फतच करावा. त्याच्या दलालीला कायद्याने कमाल मर्यादा आहे. सही करण्यापूर्वी त्या घराचा नोंदणी उतारा काढून पाहावा. आपण शेत घेताना सातबारा पाहतो त्याच कारणासाठी तो पाहायचा : मालक कोण, घर कोणत्या बँकेकडे किती रकमेला गहाण आहे, जप्तीची नोंद आहे काय. हा उतारा किरकोळ शुल्क भरून कोणालाही काढता येतो आणि दलालाने दाखवलेला उतारा त्याच दिवशीचा आहे ना, हे तारखेवरून कळते. गहाणाची रक्कम घराच्या किमतीच्या जवळ पोहोचलेली दिसली तर खोली कितीही उजेडाची असो, नमस्कार करून बाहेर पडावे. अनामत उताऱ्यावर नाव असलेल्या मालकाच्याच खात्यात भरावी, त्याच्या भाच्याच्या किंवा व्यवस्थापकाच्या खात्यात नव्हे.

यानंतरच्या पायऱ्या बरेच परदेशी लोक आळसाने वगळतात आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या आहेत. घरात राहायला गेल्यावर नवा पत्ता ताबडतोब नोंदवायचा आणि जवळच्या ‘जुमिन सेंटर’मध्ये, म्हणजे प्रभागाच्या नागरी सेवा कार्यालयात, करारावर तारखेचा अधिकृत शिक्का मारून घ्यायचा. प्रत्यक्ष ताबा, पत्त्याची नोंद आणि तारखेचा शिक्का या तिन्ही गोष्टी असल्या की घर लिलावात निघाले तरी भाडेकरूचा हक्क नंतरच्या सावकारांच्या आधी उभा राहतो. पत्त्याच्या नोंदीचे बळ दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या क्षणापासून सुरू होते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात करू’ हे इथे महागात पडू शकते. शिवाय लहान अनामतीला कायद्याने वेगळे संरक्षण आहे : सोलमध्ये २०२३च्या सुधारणेनुसार साडेसोळा कोटी वॉनपर्यंत अनामत असलेल्या भाडेकरूला त्यांतील साडेपाच कोटी वॉनपर्यंतची रक्कम इतर सर्व सावकारांच्या आधी मिळण्याची तरतूद आहे, अर्थात घर गहाण कधी पडले यासारख्या अटी त्याला लागू होतात. तुमच्या मुलाची एक कोटीची अनामत त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची सवय असेल तर हेही सांगून ठेवतो की तिथे दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा करार झाला तरी भाडेकरूला दोन वर्षे राहण्याचा हक्क असतो, मात्र मध्येच सोडून जायचे ठरवल्यास नवा भाडेकरू शोधून देण्याची आणि दलाली भरण्याची वेळ बहुधा त्याच्यावरच येते. जाहिरातीतल्या भाड्यात देखभाल शुल्क धरलेले नसते. ते वेगळे विचारावे. थंडीत जमिनीखालून खोली तापवण्याच्या ‘ओन्दोल’ व्यवस्थेचे गॅसबिल येते तेही वेगळे. नवीन माणूस ते पहिल्यांदा जानेवारीत पाहतो आणि मग घरात पायमोजे घालायला शिकतो.

प्रश्न : मी देजॉन येथे पीएच.डी.साठी जात आहे. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. तिथे उपासमार होईल असे सर्वजण सांगतात. सोबत काय न्यावे? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : उपासमार होणार नाही. त्रास मात्र होईल आणि तो मांसापेक्षा रश्श्याचा होईल. कोरियन स्वयंपाकात भाज्या, टोफू, मोड आलेले सोयाबीन, समुद्री शेवाळ आणि पालेभाज्यांचे तीळतेलातले प्रकार इतके असतात की ताटाकडे पाहून ते शाकाहारी वाटते. अडचण अशी की सूप सुकवलेल्या लहान मासळीच्या पाण्यात केलेले असते, किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो आणि निव्वळ टोफूचे म्हणून मागवलेल्या झणझणीत रश्श्यात तळाला शिंपल्या निघतात. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण ऐकणाऱ्या खाणावळीतल्या मावशींच्या हिशोबात मासे आणि हॅम हे मांसात धरलेले असतीलच असे नाही. मासे, कोळंबी, अंडे, हॅम अशी नावे घेऊन एक चिठ्ठी कोरियनमध्ये लिहून घ्या आणि ती मोबाइलमध्ये ठेवा. खाणावळीतल्या मावशी ती चष्मा लावून वाचतात, दोन प्रश्न विचारतात आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तुमच्यासाठी काहीतरी वेगळे करून आणण्याची शक्यता पुष्कळ असते. गर्दीच्या वेळी मात्र ही अपेक्षा ठेवू नका.

निर्धास्तपणे खाता येण्याजोगे पदार्थ थोडे आहेत, पण चांगले आहेत. मांस आणि अंडे वगळून मागवलेला बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात. त्यातल्या तिखट लाल पेस्टमध्ये काही दुकाने खिमा घालतात, तेवढे विचारावे. उन्हाळ्यात मिळणारे सोयाबीनच्या थंडगार दुधातले शेवयांचे ‘कोंग-गुक्सु’. बटाट्याचे घावन, लाल भोपळ्याची खीर, तिळाच्या तेलात भाजलेले शेवाळाचे कागद. तुम्ही चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरातून येत असाल तर बौद्ध विहारांतील भोजन तुम्हाला फारच जवळचे वाटेल, कारण त्यात मांसमासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण, पात अशा पाच उग्र वनस्पतीही निषिद्ध असतात. सोलला गेलात तर जोग्येसा या विहारासमोर जोग्ये पंथाने चालवलेले ‘बालू गोंगयांग’ हे भोजनगृह आहे. महाग आहे, पण शिष्यवृत्ती जमा झाल्यावर एकदा जाण्यासारखे आहे.

सामानाचे म्हणाल तर डाळी, पीठ, मोहरी, हिंग यांनी बॅग भरू नका. सोलच्या इथेवॉन भागात मध्यवर्ती मशिदीच्या आसपासच्या दुकानांत हे सगळे मिळते आणि तीच दुकाने व त्यांच्यासारखी इतर दुकाने कुरियरनेही पाठवतात. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, भाजणी एवढे न्या, कारण ते तिथे मिळणार नाही. ताजी फळे नेऊ नका; विमानतळावर काढून घेतली जातील आणि नोंद केली नसेल तर दंडही होईल. कुकर न्यायचा तर तळ इंडक्शनवर चालणारा पाहून घ्या, कारण विद्यार्थ्यांच्या अनेक खोल्यांत गॅस नसतो. विजेचा दाब २२० व्होल्ट असल्याने आपला मिक्सर चालतो, आपली तीन पिनांची जाड पिन मात्र तिथल्या भिंतीत जात नाही. तांदूळ तिथला चिकट आणि आखूड. आमटी-भातासाठी तो उत्तम लागतो असे माझे मत आहे, मसालेभाताच्या बाबतीत मात्र मी गप्प राहीन.

प्रश्न : कोरियात कचऱ्यासाठी पैसे द्यावे लागतात हे खरे काय? — एक गृहिणी, ठाणे (कन्येकडे तीन महिने राहायला जाणार)

उत्तर : खरे आहे, १९९५पासून. जेवढा कचरा तेवढे शुल्क हे तत्त्व असून ते शुल्क पिशवीच्या किमतीतच धरलेले असते. सामान्य कचरा फक्त स्थानिक पालिकेच्या छापील पिशवीतूनच बाहेर ठेवता येतो. ती पिशवी किराणा दुकानात मिळते आणि एका भागाची पिशवी दुसऱ्या भागात चालत नाही. कागद, काच, डबे, प्लॅस्टिक हे वेगवेगळे आणि विनाशुल्क. पारदर्शक बाटल्या वरचा कागद सोलून, चेपून, वेगळ्या. अन्नाचा कचरा आणखी वेगळा. अनेक गृहसंकुलांत त्यासाठी कार्ड टेकवल्यावर झाकण उघडणारी पेटी असते, ती कचऱ्याचे वजन करते आणि त्याप्रमाणे महिन्याचे बिल लावते.

आपल्या स्वयंपाकघरातून निघणाऱ्या कचऱ्याची खरी गोची इथे होते. अन्नकचऱ्यापासून पशुखाद्य आणि खत करतात, त्यामुळे जनावराला खाता येणार नाही ते ‘अन्न’ नव्हे असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार नारळाची करवंटी, आंब्याची कोय, कांद्या-लसणाची सुकी साले, मक्याचे कणीस, अंड्याची टरफले आणि चहाचा चोथा हे सर्व बहुतेक ठिकाणी सामान्य कचऱ्याच्या पिशवीत जाते. केळ्याचे साल अन्नकचऱ्यात चालते. तपशील प्रभागागणिक बदलतात, म्हणून इमारतीतला फलक लेकीकडून एकदा वाचून घ्या. चुकीच्या पिशवीत ठेवलेला कचरा उचलला जात नाही, कॅमेरे सर्वत्र असतात आणि दंड दहा लाख वॉनपर्यंत होऊ शकतो. एरवी अतिशय सौम्य असलेल्या शेजारीणबाई या एका विषयावर दार वाजवायला कमी करत नाहीत.

प्रश्न : मी मद्यपान करत नाही. कोरियन कंपनीत संध्याकाळच्या पार्ट्यांना न गेल्यास बढती मिळत नाही असे ऐकले. तसेच वरिष्ठांशी कसे वागावे? — एक अभियंता, चाकण

उत्तर : त्या सामूहिक जेवणाला ‘ह्वेशिक’ म्हणतात आणि त्याची पूर्वीची दहशत आता बरीच ओसरली आहे. २०१८मध्ये आठवड्याला ५२ तासांची कामाची मर्यादा कायद्यात आली, जुलै २०१९पासून कामाच्या ठिकाणी होणारी छळवणूक रोखणारी कलमे लागू झाली आणि इच्छेविरुद्ध दारू पाजणे हे त्या छळवणुकीचे उदाहरण म्हणून शासनाच्या मार्गदर्शिकेत दिलेले आहे. नव्या पिढीतले कोरियन कर्मचारीही आता पहिली फेरी संपली की घरी जातात.

तरीही माझा सल्ला असा की जेवणाला जावे आणि पेल्याला नकार द्यावा. पहिल्याच जेवणाच्या आधी, कोणी बाटली पुढे करण्यापूर्वी, आपल्या गटप्रमुखाला शांतपणे सांगून ठेवावे की आपण धार्मिक किंवा प्रकृतीच्या कारणाने घेत नाही. कारण एकदा सांगितले की ते पक्के धरावे, पुढच्या वेळी ‘थोडी चालेल’ म्हणू नये. पेल्यात कोला किंवा सरबत घ्यावे. वडीलधाऱ्यांसाठी ओतताना बाटली दोन्ही हातांनी धरावी, त्यांनी ओतल्यास पेला दोन्ही हातांनी पुढे करावा आणि पिताना तोंड किंचित बाजूला वळवावे. स्वतःचा पेला स्वतः भरू नये, शेजाऱ्याचा रिकामा दिसला की भरावा. हा शिष्टाचार न पिणारा माणूसही पूर्णपणे पाळू शकतो आणि वरिष्ठांच्या लक्षात राहतो तो तेवढाच.

कार्यालयात नावाने हाक मारणे नाही. पदनाम आणि त्यापुढे आदरार्थी ‘निम’. आपल्याकडे ‘साहेब’ म्हणतात, तेव्हा हे जड जाणार नाही. जड जाते ते वेगळेच : बैठकीत वरिष्ठांच्या म्हणण्याला उघड विरोध केला की सगळे गप्प होतात. विरोध असेल तर आधी किंवा नंतर एकट्याला गाठून सांगावा. रात्री उशिरा येणाऱ्या काकाओटॉकच्या संदेशांना पहिल्या आठवड्यापासून लगेच उत्तर देण्याची सवय लावून घेऊ नका, पुढे ती मोडता येत नाही. आणि पगारपत्रक दरमहा जपून ठेवा. वर्ष पूर्ण झाल्यावर नोकरी सोडताना दर वर्षामागे सुमारे तीस दिवसांच्या सरासरी पगाराएवढी रक्कम मिळण्याचा हक्क परदेशी कर्मचाऱ्यालाही असतो आणि वर्षभर नियमित कामावर राहिल्यास पंधरा दिवसांची पगारी रजाही असते.

प्रश्न : माझ्या पुतण्याला एका एजंटाने कोरियात कारखान्यात मजुरीचे काम, ई-९ व्हिसा आणि महिना दीड लाख पगार असे सांगून सहा लाख रुपये मागितले आहेत. आधी पर्यटक व्हिसावर जायचे, नंतर तिथे बदलून देतो म्हणतो. — एक शेतकरी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. ई-९ हा व्हिसा २००४पासून चालू असलेल्या रोजगार परवाना योजनेखाली, कोरियाने ज्या देशांशी शासन-ते-शासन करार केले आहेत त्यांच्याच नागरिकांना मिळतो. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम, इंडोनेशिया हे देश त्या यादीत आहेत, भारत नाही. नेपाळी मजूर तिथे मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडच्या तरुणांना वाटते की आपल्यालाही हे दार उघडे आहे. एजंट नेमका याच समजाचा फायदा घेतो. ज्या देशांना ही योजना लागू आहे तिथेही खासगी एजंटाला त्यात स्थान नाही. भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि निवड शासकीय यंत्रणेतून होते.

पर्यटक व्हिसावर जाऊन मजुरी करणे हा तिथे गुन्हा आहे. पकडल्यास दंड, परतपाठवणी आणि पुढे प्रवेशबंदी होते. पकडले जाईपर्यंतचा काळही वाईट असतो, कारण नोंद नसलेल्या माणसाला विमा नाही, स्वतःच्या नावाचा मोबाइल नाही, आणि पगार बुडवला तरी तक्रारीसाठी कार्यालयाची पायरी चढण्याची हिंमत होत नाही. तिथला किमान वेतनाचा दर, २०२६साठी ताशी १०,३२० वॉन, कागदावर परदेशी मजुरालाही लागू आहे. तो मागून घेण्यासाठी समोर उभे राहता आले पाहिजे.

पुतण्याला वेल्डिंगसारखे कौशल्य असेल तर ई-७ या प्रवर्गात जहाजबांधणीसारख्या काही कामांसाठी कायदेशीर वाट आहे, पण त्यात कौशल्याचा पुरावा आणि कोरियन कंपनीचे प्रायोजकत्व आधी लागते. कोणत्याही एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि परवानाधारक एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेण्याची मुभा नाही. सहा लाख मागणारा माणूस कोण आहे ते यावरून ओळखा आणि तो गावात आणखी कोणाकोणाला भेटला आहे याची चौकशी करून पोलिसांना कळवा.

प्रश्न : सून गरोदर असून बाळंतपणासाठी आम्ही दोघे सोलला जाणार आहोत. तिथे आम्हाला मुलाच्या विम्याचा लाभ मिळेल काय? — एक दांपत्य, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. नोकरदार मुलगा आणि त्याची पत्नी राष्ट्रीय आरोग्य विम्यात असतील, बाळाचीही नोंद होईल. पण एप्रिल २०२४पासून परदेशी अवलंबितांना सहा महिने वास्तव्य झाल्याखेरीज विम्यात घेत नाहीत. पती-पत्नी आणि अल्पवयीन मुले यांना त्यातून सूट आहे, आईवडिलांना नाही. तेव्हा निघण्यापूर्वी भारतातूनच प्रवास विमा घ्या आणि जुन्या आजारांचा त्यात समावेश आहे काय ते वाचून घ्या. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधे नेऊ नका. किरकोळ दुखण्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात थेट विशेषज्ञाकडे जाता येते, आधी वेळ ठरवावी लागत नाही. मोठ्या विद्यापीठ रुग्णालयात विम्यावर जायचे तर मात्र खालच्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. रुग्णवाहिकेसाठी ११९. बाळंतिणीचा डिंक-अळीव तुम्ही न्यालच. तिथल्या सुईणी तिला शेवाळाचे सूप देतील, ती त्यांची बाळंतिणीला द्यायची पूर्वापार पद्धत आहे, तेव्हा त्यावरून वाद नको. फक्त ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात केलेले असते, हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न : गणपतीत सुट्टी मिळते काय? — एक नवविवाहित, बुसान

उत्तर : गणेश चतुर्थीची नाही, पण विसर्जनाची कधीकधी आपोआप मिळते. कोरियनांचा चुसॉक हा सर्वांत मोठा सण चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि त्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशीही सुट्टी असते. २०२४मध्ये चुसॉक आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आली होती. २०२५मध्ये चुसॉक कोजागरीला, ६ ऑक्टोबरला पडला. २०२६मध्ये पुन्हा चुसॉक आणि अनंत चतुर्दशी एकत्र, २५ सप्टेंबरला. त्या दिवसांत अर्धा देश गावी जातो, रेल्वेची तिकिटे काही आठवडे आधीच संपतात आणि अनेक दुकाने बंद असतात, म्हणून मोदकांसाठी तांदळाची पिठी आणि नारळ आठवडाभर आधी आणून ठेवा. मूर्ती शाडूची असू द्या आणि विसर्जन घरातल्या बादलीतच करा, नदीत किंवा समुद्रात नाही. उरलेली माती कुंडीत घाला. निर्माल्य कोणत्या पिशवीत टाकायचे ते तुमच्या प्रभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, कारण फुलांचा नियम मला तिथल्या दोन वेगवेगळ्या प्रभागांनी दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगितला होता.